आल्डर्सबाखचा मठ आणि ब्रुअरी: १८०३ पूर्वीची माहिती कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, जर्मनीच्या बव्हेरियातल्या आल्डर्सबाखच्या जुन्या सिस्टर्शियन (कॅथलिक साधूंचा एक पंथ) मठावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. तुमची मदत हवी आहे.

ढोबळ इतिहास हाताशी आहे. ११४६ मध्ये सिस्टर्शियन साधू तिथे आले, १२६८ मध्ये ब्रुअरीचा पहिला उल्लेख सापडतो आणि १८०३ मध्ये सरकारने मठच बंद केला. १८११ मध्ये फॉन आरेटिन घराण्याने ब्रुअरी विकत घेतली. गंमत म्हणजे, बंद पडलेल्या मठांची ग्रंथालयं म्युनिकसाठी चाळणारा सरकारी अधिकारीही आरेटिनच! आसाम बंधूंनी (हे आडनाव, आपला आसाम नव्हे; चित्रकार-शिल्पकार भाऊ) १७२० मध्ये सजवलेल्या चर्चबद्दल तर हवं तेवढं वाचायला मिळतं. घोडं अडलंय ते बिअरपाशी.

मठाच्या काळात भट्टीवर प्रत्यक्ष राबायचं कोण? साधू, की पगारी माणसं? बिअर मठापुरतीच होती की गावातल्या खानावळींनाही विकायचे? शिवाय लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासात ती चालायची म्हणतात, ते इथेही होतं का?

जर्मन मला जेमतेम येतं, जुनी लिपी तर अजिबात लागत नाही. मठाचे हिशेब कुठल्या दफ्तरखान्यात असतील? तिथल्या जवळच्या पासाउ शहराकडे राहणारं कुणी आहे का इथे?