कूल अँड द गँग: 'जंगल बूगी' आणि 'सेलिब्रेशन' वाजवणारा बँड खरंच एकच आहे का?

ठेकेदार७३: कूल अँड द गँगचा 'वाइल्ड अँड पीसफुल' (१९७३) हा अल्बम आख्खा ऐकला आणि लगेच 'सेलिब्रेशन' लावलं. नाव तेच, पण मधे काहीतरी फार मोठं घडलेलं दिसतंय. डिस्कोच्या लाटेत पैशासाठी विकले गेले, एवढंच का?

सॅक्सवाला: एवढंच नाही. मी सॅक्स वाजवतो, त्यामुळे थोडा पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो.

ही पोरं मुळात जॅझवाली. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत सुरुवात केली तेव्हा नाव होतं जॅझिअ‍ॅक्स. बेस गिटारवर रॉबर्ट 'कूल' बेल, टेनर सॅक्सवर त्याचा भाऊ रोनाल्ड. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे ठरलेला मुख्य गायक असा नव्हताच. सगळे मिळून ओरडायचे आणि खरं गाणं गायचं ते ब्रास सेक्शन, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्स फुंकणारे. 'जंगल बूगी'मधला तो घोगरा आवाज तर त्यांचं सामान सांभाळणाऱ्या डॉन बॉइसचा आहे! गायकाची गरज किती कमी होती बघा.

मग १९७९ मध्ये गायक म्हणून जे. टी. टेलर आला, निर्माता म्हणून युमिर डिओडाटो आला आणि 'लेडीज नाइट' निघालं. इतका गोड गळा मिळाल्यावर ब्रासने मागे सरायचंच. आधी अख्खी चाल ट्रम्पेट-सॅक्सकडे असायची, आता गायकाने श्वास घेतला की दोन फटकारे मारायचे आणि गप्प बसायचं. आमच्यासारख्यांना हे टोचतं. पण 'लेडीज नाइट' पुन्हा लावा आणि गाण्याकडे लक्षच देऊ नका, फक्त बेस ऐका. कूल हललेला नाही.

'सेलिब्रेशन' १९८१ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या यादीत वरपर्यंत पोचलेलं त्यांचं हे एकमेव गाणं. टेलर बँड सोडून गेल्यावर (१९८८) तशी गाणी पुन्हा झाली नाहीत, म्हणजे त्या यशात त्याचा वाटा किती होता ते कळतं.

रात्रपाळी: आणि 'समर मॅडनेस' कुठे बसवणार? १९७४ चं आहे. त्यात ना नाच, ना आरडाओरडा. संथ इलेक्ट्रिक पियानो आणि वर वर चढत जाणारा सिंथेसायझरचा एक लांबलचक सूर. डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स यांच्या १९९१ च्या 'समरटाइम' या रॅप गाण्याचा पायाच तो आहे. मला तर तोच त्यांचा खरा आवाज वाटतो, बाकीचं सगळं पोटापाण्याचं.

ठेकेदार७३: हे ऐकलंच नव्हतं! लावलंय. म्हणजे डिओडाटो येईपर्यंत डिस्कोचा वारा लागलाच नव्हता म्हणायचं?

सॅक्सवाला: छे. 'ओपन सेसमी' १९७६ चं, आणि ते 'सॅटर्डे नाइट फीवर' या डिस्को चित्रपटाच्या साउंडट्रॅकवर आहे. पण तिथे ब्रास अजून पुढे आहे. आधी ते ऐका, मग 'लेडीज नाइट'.