शब्दचर्चा : 'गावात', चौफुली आणि वाटाड्या

मेहरूणची बोर :
वाढत्या शहरातल्या दिशादर्शक फलकांचा मराठी मजकूर ठरवायचा आहे. शहर जळगाव-धुळ्याच्या मापाचे. तीन ठिकाणी अडले आहे.
एक, 'डाउनटाउन' या अर्थी फलकावर काय लिहावे? मध्यवस्ती, भरवस्ती, शहर मध्य, मुख्य बाजारपेठ, की गावठाण?
दोन, 'वेफाइंडिंग'ला, म्हणजे अनोळखी माणसाला शहरात वाट सापडावी यासाठीच्या सोयीला, मराठीत काय म्हणावे? 'मार्गशोधन' वाचले की जंगलात हरवल्यासारखे वाटते.
तीन, चौक आणि चौफुली यांत फरक आहे का, की एकच शब्द सगळीकडे चालेल?

पांझराकाठ :
पहिल्याचे उत्तर बोलीत तयार आहे : 'गावात'. धुळ्याच्या देवपूर भागातला माणूस पांझरा नदी ओलांडून आग्रा रोडला निघाला की तो 'गावात' जातो. अहिराणीत 'गावमा'. 'कथा चालना रे भो?' 'गावमा.' देवपूरही धुळ्यातच आहे, पण तो विचार कोणाच्या मनात येत नाही. इथे 'गाव' म्हणजे दाट, जुना, खरेदीचा भाग.

फलकावर मात्र 'गावात' चालणार नाही. बोलणारा कुठे उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. महामार्गावरून आलेल्या परक्या माणसाला 'गाव' वाचून प्रश्न पडेल, कोणते गाव?

'गावठाण' तर अजिबात नको. तो महसुलाचा शब्द आहे, गावाच्या मूळ वस्तीची नोंदलेली जागा. शहर वाढताना आजूबाजूची गावे पोटात घेते, म्हणजे एका शहरात चार गावठाणे होतात. जळगावात मेहरूणचे वेगळे, पिंप्राळ्याचे वेगळे. 'गावठाण' आणि पुढे बाण काढला तर माणूस कुठेही पोचेल.

तापीतीर :
'भरवस्ती'ही नको. तो बातमीतला शब्द आहे : 'भरवस्तीत आग', 'भरवस्तीत घरफोडी'. 'मध्यवस्ती' त्या मानाने सौम्य, पण तीही वर्णन करते, नाव देत नाही. 'मध्यवस्ती कुठे आहे?' असे रिक्षावाल्याला विचारून पाहा. तो उलट विचारेल, 'कुठे जायचंय, दाणा बाजार का फुले मार्केट?'

कसोटी तीच धरावी. फलकावरचा शब्द उच्चारून वाट विचारली तर पहिल्या माणसाला कळला पाहिजे. म्हणून 'शहर मध्य' ऐवजी सरळ जागेचे नाव लिहा. जळगावात 'टॉवर चौक', 'नवी पेठ'. धुळ्यात 'आग्रा रोड', 'पाचकंदील'. पाचकंदीलला जाणारे कंदील शोधत नाहीत. नाव आता जागेला चिकटले आहे.

एक पदर वाढवायचा असेल तर नावाखाली लहान अक्षरात 'बाजारपेठ' टाका. तो शब्द परक्यालाही कळतो आणि स्थानिकालाही खटकत नाही.

मेहरूणची बोर :
पण वाढत्या शहरात केंद्रच सरकते ना? आधी जुने जळगाव, मग नवी पेठ, आता रिंग रोड आणि महामार्गाकडची दुकाने.

तापीतीर :
सरकते, म्हणूनच 'केंद्र' असे लिहू नये. टॉवर चौक सरकत नाही. केंद्र सरकले तर नव्या जागेचे नाव जोडता येते, जुना फलक खोटा ठरत नाही. 'नवी पेठ'च बघा : नाव ठेवले तेव्हा ती नवी होती, आज कोणी 'नवी'चा अर्थ विचारत नाही.

फुलीगोळा :
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खानदेशी शब्दांत मला सगळ्यात देखणा 'चौफुली' वाटतो. फुली म्हणजे गोळा-फुलीतली फुली, एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. रस्ता रस्त्याला छेदतो तिथे चार हातांची फुली पडते. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर 'चौफुला' आहे, पण तिकडे ते एका ठिकाणाचे नाव झाले आहे. आपल्याकडे चौफुली हे अजून सामान्यनाम आहे, कुठल्याही छेदाला लावता येणारे. तीन फुटत असतील तर 'त्रिफुली'. तेच कोकणात 'तिठा', कोल्हापूरकडे 'तिकटी'.

चौक आणि चौफुली एक नव्हेत. चौकाला आतली मोकळी जागा असते. तिच्याभोवती दुकाने, बहुधा मध्ये पुतळा किंवा टॉवर. चौफुली हमरस्त्यावरची, नाव पडले तेव्हा गावाबाहेरची. नावे ठेवण्याची रीतही वेगळी. चौकाला माणसाचे किंवा वास्तूचे नाव देतात : नेहरू चौक, टॉवर चौक. चौफुलीला मात्र फुटणारा रस्ता जिथे जातो त्या गावाचे : जळगावची अजिंठा चौफुली, धुळ्याची पारोळा चौफुली. म्हणजे चौफुलीचे नाव हाच एक दिशादर्शक फलक आहे, लोखंडी खांब उभे राहण्याच्या आधीचा. (भुसावळची नाहाटा चौफुली या नियमात बसत नाही. बोलीत अपवाद असायचेच.)

'फाटा' तिसरा. हमरस्त्यावरून एका गावाकडे रस्ता फुटतो ती जागा. आणि 'नाका' म्हणजे मुळात जकात घेण्याची जागा, गावाच्या वेशीवर. जकात गेली, नाके नावापुरते उरले आणि आता ते शहराच्या पोटात आहेत : जळगावचा नेरी नाका, भुसावळचा यावल नाका. नकाशावर सगळे नाके जोडून पाहा, एके काळची वेस डोळ्यांसमोर येते.

पांझराकाठ :
याच नावांमुळे फलकावर घोटाळा होतो, तो आधीच टाळा. 'अजिंठा चौफुली 2' हा मजकूर अरुंद फलकावर दोन ओळींत मोडला की वर 'अजिंठा' आणि खाली 'चौफुली 2'. लेणी पाहायला निघालेला प्रवासी पहिली ओळ वाचतो, दोनचा आकडा पाहतो आणि लेणी दोन किलोमीटरवर आली असे समजतो. खरे अंतर साठेक किलोमीटर. जोडनाव मोडायचे नाही. फलक रुंद करा, नाहीतर अक्षर थोडे लहान करा. आणि गावाचे नाव व चौफुलीचे नाव एकाच फलकावर येत असेल तर 'लेणी' हा शब्द आवर्जून घाला.

कळण्याची भाकरी :
अक्षर लहान करा म्हणणे सोपे आहे. त्याचा हिशेब मांडतो, कारण मराठी फलक बहुतेक इथेच फसतात.

ढोबळ नियम : 1 इंच उंचीचे अक्षर 30 फुटांवरून वाचता येते. 4 इंचाचे 120 फुटांवरून, म्हणजे सुमारे 36 मीटर. ताशी 40 कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. म्हणजे वाचायला तीन सेकंद. त्यात दोन नावे आणि बाण कसेबसे वाचून होतात.

हा हिशेब रोमन मोठ्या अक्षरांवरून आला आहे. देवनागरीत ओळीच्या उंचीत वरच्या मात्रा-वेलांट्या येतात आणि खालचे उकारही येतात. 'चौफुली' हाच शब्द घ्या : वर औकार आणि वेलांटी, खाली उकार. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे अंग एकूण उंचीच्या साधारण निम्मे भरते. म्हणजे 'चार इंची अक्षर' म्हणून मागवले आणि कारागिराने वेलांटीपासून उकारापर्यंत चार इंच मोजले, तर वाचायचे अंग दोन इंचाचे उरते. तीन सेकंदांचे दीड सेकंद झाले. म्हणून मागणीपत्रात 'शिरोरेषा ते अक्षराचा पाया, 100 मि.मी.' असे शब्दांत लिहा. नुसते 'उंची 100 मि.मी.' लिहू नका.

जोडाक्षरांचेही तसेच. 'स्वातंत्र्य चौक'मधला 'त्र्य' जाड ठशात दुरून नुसता डाग दिसतो. मध्यम जाडीचा ठसा घ्या आणि जोडाक्षराच्या आत रिकामी जागा राहते का ते पाहा. खऱ्या मापाचा कागदी नमुना भिंतीला लावून 36 मीटरवर उभे राहायचे, दहा मिनिटांचे काम.

तापीतीर :
पायी चालणाऱ्यासाठी हा हिशेब ढिला करता येतो. बाजारपेठेत मुळात पायी माणसाचाच प्रश्न आधी सोडवावा, कारण सराफ बाजारात गाडी चालवण्यात काही अर्थ नाही. पायी माणसाच्या फलकावर अक्षर लहान चालते, पण अंतर मिनिटांत लिहा : 'फुले मार्केट, चालत 6 मिनिटे'. आकडा प्रत्यक्ष चालून काढायचा. नकाशावर पट्टीने मोजलेला गर्दीत खोटा ठरतो.

कळण्याची भाकरी :
फलक कुठे लावायचा तेही शब्दांशी जोडलेले आहे. एका वळणाला तीन फलक लागतात : वळणाआधी सूचना देणारा, वळणावर बाण दाखवणारा आणि वळल्यावर 'बरोबर आलात' असे सांगणारा. तिसरा जवळपास सगळीकडे गाळतात, म्हणून माणूस बरोबर वळूनही शंभर पावलांवर थांबून विचारतो. पहिल्याला 'पूर्वसूचना', तिसऱ्याला 'खात्री फलक' म्हणायला हरकत नसावी.

एका फलकावर तीन नावे, फार तर चार. सरळचे वर, मग डावीकडचे, मग उजवीकडचे. डावा बाण मजकुराच्या डाव्या टोकाला, उजवा उजव्या.

आणि बाण फिरतो! एकाच गोल पाइपवर क्लॅम्प आवळून बसवलेला फलक वावटळीत हळूहळू वळतो. मे महिना संपेपर्यंत 'बसस्थानक' शेताकडे दाखवायला लागतो. दोन खांब घ्या, नाहीतर चौकोनी पाइप. तेही नसेल तर क्लॅम्प आणि पाइप यांतून आरपार एक बोल्ट. फ्लेक्स तर लावूच नका. इथल्या उन्हात लाल रंग आधी उडतो आणि नेमके बाण लाल केलेले असतात.

मेहरूणची बोर :
रस्त्यांच्या नावांचे काय? धुळ्यात 'शंभर फुटी', 'ऐंशी फुटी' अशीही नावे आहेत. विकास योजनेच्या नकाशात फूट कुठेच नाही.

पांझराकाठ :
नकाशा मीटरमध्ये असतो : 30, 24, 18, 12. लोक तेच शंभर, ऐंशी, साठ, चाळीस फुटी म्हणतात. नाव रुंदीचे आहे, रस्त्याचे नाही. शहर वाढले की दुसरा शंभर फुटी तयार होतो आणि पत्ता फसतो. शिवाय रुंदी कागदावरची असते, टपऱ्या आणि हातगाड्या वजा जाता उरते ती वेगळी. तरी फलकावर बोलीतले नाव हवेच, फक्त त्याला भागाचे नाव जोडा : 'शंभर फुटी रोड, अमुक नगर'.

महामार्गांचे क्रमांकही तसेच. जुना 6 आता 53 झाला. धुळ्यातून आग्र्याकडे जाणारा जुना 3 आता 52 मध्ये मोडतो. ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून 'सहा नंबर', 'तीन नंबर'. क्रमांक नवा लिहा, पण सोबत पुढच्या मोठ्या गावाचे नाव द्या. माणूस नाव वाचतो, क्रमांक नव्हे.

धुळ्याच्या गल्ल्यांचा नमुना मात्र उचलण्यासारखा आहे. 1818 नंतर खानदेशचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या काळात तिथे नवी पेठ आखून वसवली गेली. सरळ रस्ते आणि क्रमांकाच्या गल्ल्या. (ही आखणी विश्वेश्वरय्यांची असे खुशाल सांगितले जाते. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात 1884 साली रुजू झाले. पेठ त्याच्या आधीची.) चौथी गल्ली सापडली की पाचवी विचारावी लागत नाही. फक्त क्रमांक कोणत्या बाजूला वाढतात ते प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दाखवायला हवे : 'गल्ली 4', बाजूला लहान बाण आणि '5'.

फुलीगोळा :
'वेफाइंडिंग' राहिले. मराठीत दोन क्रिया आहेत, त्या एका शब्दात कोंबू नयेत. फलक करतो ते 'दिशादर्शन'. माणसाचे होते ते 'वाट सापडणे'. पूर्ण व्यवस्थेला, म्हणजे फलक, नकाशे, गल्ल्यांचे क्रमांक, दुरून दिसणाऱ्या खुणा या सगळ्याला मिळून, मला 'वाटाड्या' आवडतो. शब्द जुना आहे आणि कोणाला समजावून सांगावा लागत नाही. 'शहराचा वाटाड्या' असे नकाशाच्या माथ्यावर छान दिसेल. निविदेत हवे तर 'दिशादर्शन व्यवस्था' लिहा.

खुणा विसरू नका. जळगाव महापालिकेची सतरा मजली इमारत लांबून दिसते आणि लोकही तिला 'सतरा मजली'च म्हणतात. नकाशावर कार्यालयाचे पूर्ण नाव आणि खाली 'सतरा मजली' हवेच.

तापीतीर :
'वाटाड्या' मान्य. एक सावधगिरी : 'अलीकडे', 'पलीकडे', 'पुढे' हे शब्द खांबावरच्या फलकावर चालतात, कारण वाचणारा कुठे उभा आहे ते ठरलेले असते. तोच मजकूर पत्रकावर किंवा लग्नपत्रिकेवर छापला की निकामी. 'चौफुलीच्या अलीकडे', पण कोणीकडून येणाऱ्याला? तिथे 'पारोळ्याकडून येताना चौफुलीच्या अलीकडे, डाव्या हाताला' असे पूर्ण लिहावे लागते.

मेहरूणची बोर :
शेवटचे. ध्वनिमुद्रित सूचनेत 'चौफुलीत उतरा' म्हणायचे की 'चौफुलीवर'?

फुलीगोळा :
'चौफुलीवर'. चौकात, पेठेत, गल्लीत, बाजारात, कारण त्यांना आत असते. चौफुलीवर, नाक्यावर, फाट्यावर, स्टँडवर, कारण ते रस्त्यावरचे ठिपके. अनेकवचन 'चौफुल्या'. आणि सूचना देणारा खानदेशी असेल तर 'जळगाव'चे 'जयगाव' होऊ शकते. होऊ द्या, ऐकणाऱ्याला कळते.