रिटायर झाल्यावर परदेशात फुकट इंग्रजी शिकवायला कुणी गेलंय का?

मिरजेच्या_बाई
नमस्कार मंडळी, झेडपीच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच रिटायर झाले, तब्येत ठणठणीत, पेन्शन आहे, मुलगा म्हणतो आई आता आराम कर पण मला सिरियली बघत बसायचा वैताग येतो. तीनेक महिने बाहेरदेशी गावातल्या शाळेत शिकवावं असं डोक्यात आहे. पगार नको. एका एजन्सीने कंबोडियाचे दोन आठवड्यांचे लाखावर सांगितले, विमान वेगळं!! शिकवायचं मी आणि पैसेपण मीच भरायचे?

घाटावरचा
सोडून द्या ती एजन्सी. थायलंडचा विचार असेल तर तिथे फुकट शिकवायलाही वर्क परमिट लागतं, टुरिस्ट व्हिसावर चालत नाही, शिवाय बऱ्याच ठिकाणी नेटिव्ह स्पीकर पाहिजे म्हणतात म्हणजे गोरा पाहिजे, मग कॉलेजातलं पोरगं असलं तरी चालतं. भूतानच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्याच, पण टुरिस्ट म्हणून राहिलात तर भारतीयांना दर रात्रीचे १२०० रुपये फी आहे, तीन महिन्यांचा हिशोब तुम्हीच करा. नेपाळ बघा.

टिवल्याबावल्या
इथल्या शाळांना शिक्षक मिळेनात आणि मॅडम निघाल्या नेपाळला 😀

मिरजेच्या_बाई
अहो नोकरीभर इथंच शिकवलं की!

दालभातवाली
नेपाळला +१. मी लमजुंगमधे सरकारी शाळेत शिकवून आलेय. व्हिसा नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र न्या, आधारवर तुमच्या वयाला सोडत नाहीत. गोरखपूरवरून सोनौली बॉर्डर, पुढे बस. शाळा आता तिकडे पालिकेकडे असतात त्यामुळे हेडसरांचं आणि पालिकेचं अशी दोन्ही पत्रं आधी मागवा. वर्ष वैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, सुट्टी शनिवारी असते. दसैं-तिहारला (म्हणजे आपला दसरा-दिवाळी) जाऊ नका, शाळा बंद असते.
आणि बाई, वर्ग एकटीने ताब्यात घेऊ नका, नाहीतर तुम्ही आलात की तिथले सर ऑफिसात चहाला आणि तुम्ही गेलात की धडे अर्धवट. त्यांच्याबरोबर उभ्या रहा, त्यांचंच पुस्तक घ्या. आमच्या पाचवीला रंग आणि प्राण्यांची नावं तोंडपाठ होती कारण येणारा प्रत्येक पाहुणा तिथूनच सुरू करतो, पण काल काय केलं हे एकालाही इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

घाटावरचा
अजून एक, अनाथाश्रमात शिकवायला बोलावलं तर सरळ नाही म्हणा. कंबोडिया काय नेपाळ काय, तिथल्या बऱ्याच पोरांचे आईबाप जिवंत असतात, शिक्षणाचं आमिष दाखवून गावाकडून आणतात आणि मग पाहुण्यांच्या देणग्यांवर धंदा चालतो. सगळेच तसे नसतील, पण लांबून ओळखणार कसं?

मिरजेच्या_बाई
बापरे, हे माहीत नव्हतं. मग शाळाच. काल कसं सांगायचं ते तर मी झोपेतसुद्धा शिकवीन. मुलाला विचारलं नाही, सांगून टाकलं 🙂 थंडी फार असते का हो?

दालभातवाली
एप्रिलमधे एक स्वेटर पुरे. जूननंतर राहणार असाल तर जळवा आहेत, मिठाची पुडी कायम जवळ ठेवा.