ए विंगची लिफ्ट आणि बुंदी

ग्रुप: रहिवासी, ए आणि बी विंग, मुलुंड पूर्व
रविवार

सावंत काकू, ए-३०४ (८:४२)
कदम साहेब, आज पुन्हा तेच. दूध घेऊन वर येत होते. लिफ्ट उघडली तर आत सातव्या मजल्यावरचा तो मोठा कुत्रा आडवा पसरलेला, पाय ठेवायला जागा नाही. शिर्क्यांच्या मुलांनी हाक मारली तसा तो उठला, आणि प्राजक्ताचा मुलगा एकदम किंचाळायला लागला, स्वतःच्याच डोक्यावर मारून घेत होता. मी गुडघे धरत जिन्याने वर आले. एवढं मोठं जनावर लिफ्टमध्ये आणायचंच कशाला? त्या लेकरालाही त्रास. मीटिंगमध्ये विषय घ्या आणि कुत्र्यांना लिफ्ट बंद करा.

कदम, सेक्रेटरी, बी-१०२ (८:५५)
काकू, तुमचा त्रास समजतो. पण तसा ठराव आपल्याला करता येत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की सोसायटीने बहुमताने ठरवलं तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी जादा पैसेही घेता येत नाहीत. केरळ हायकोर्टानेही २०२१ मध्ये प्राणी पाळू न देणारे सोसायट्यांचे नियम बेकायदा ठरवलेत. मालकाने कुत्रा पट्ट्याला धरून न्यावा, घाण उचलावी, लसी वेळेवर द्याव्यात, एवढं आपण सांगू शकतो.

सावंत काकू, ए-३०४ (८:५८)
म्हणजे माणसांनी जिना चढायचा?

प्राजक्ता, ए-७०१ (९:२०)
काकू, आधी तुमची माफी मागते. तुम्हाला जिना चढावा लागला तो माझ्यामुळे. दार उघडल्यावर मी बोलायला हवं होतं, पण तेव्हा मी ओंकारचे दोन्ही हात धरून होते. आता सगळं सविस्तर लिहिते, कारण तीन वर्षांत मी हे ग्रुपवर कधी सांगितलंच नाही. चूक माझीच.

ओंकार तेरा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. त्याला आपलं बोलणं कळतं, गणितं माझ्यापेक्षा भरभर सुटतात, पण काही आवाज त्याच्या अंगावर येतात. आपल्या लिफ्टचं दार जरा उघडं राहिलं की ती बाई सुरू होते, ‘कृपया दरवाज़ा बंद कीजिए’, पुन्हा पुन्हा, आणि मागे ती पिपाणी. आपल्या कानांना सवय झालीय. त्याला ते डोक्यात ड्रिल फिरवल्यासारखं होतं. पूर्वी आम्ही सात मजले जिन्याने उतरायचो आणि शाळेची बस चुकायची.

आमची कुत्री बुंदी आल्यापासून आम्ही लिफ्टने जातो. आत शिरलं की ओंकार मागच्या कोपऱ्याला पाठ टेकून उभा राहतो आणि बुंदी त्याच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून बसते. तिचं वजन अठ्ठावीस किलो आहे. तो भार पायांवर पडला की त्याचा श्वास संथ होतो. मग त्याची बोटं तिच्या डाव्या कानामागची घडी शोधतात. तिथले केस आता विरळ झालेत, इतक्या वेळा तो तिथे चोळतो. तळमजला येईपर्यंत त्याने ती घडी सोडलेली नसते. हे तिला आपोआप आलेलं नाही. ट्रेनर आमच्याकडे दीड वर्ष यायचे, आणि त्यातले चार महिने फक्त लिफ्टचे होते.

आज मुलांनी ‘बुंदी, शेक हँड’ म्हटलं. ती उठली. पायांवरचा भार गेला आणि नेमकं तेव्हाच ती बाई बोलायला लागली. तो बुंदीला घाबरला नव्हता काकू, ती बाजूला झाली म्हणून घाबरला.

एवढंच मागते. तिच्या अंगावर लाल हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, असेल तेव्हा ती कामावर असते. तेव्हा तिला हाक, शिट्टी, चुटकी काहीही करू नका, ती तिथे नाहीच असं समजा. संध्याकाळी खाली हार्नेस काढलेला असतो तेव्हा विचारून खुशाल खेळा. ओंकारला विचारा. तो मान हलवून उत्तर देतो, त्याला वेळ लागतो, तेवढं थांबा. आणि तो समोर उभा असताना ‘याला काय झालंय?’ असं मला विचारू नका. त्याला ऐकू येतं.

आणि तिला काही खायला देऊ नका. गेल्या गणपतीत कुणीतरी मायेने प्रसादाचा शिरा भरवला. त्यात बेदाणे होते, आणि बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात, मूत्रपिंडं जाऊ शकतात. ती रात्र आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे काढली.

शिर्के वहिनी, ए-५०२ (९:३१)
प्राजक्ता, अगं आम्हाला खरंच माहीत नव्हतं. मुलं तर कौतुकाने हाक मारतात. दोघांना आत्ताच सांगितलं. धाकटी रडतेय, म्हणते ओंकारदादाला सॉरी म्हणायचंय. कधी येऊ?

प्राजक्ता, ए-७०१ (९:३३)
संध्याकाळी सहाला बागेत या गं. तिला म्हणावं रडू नकोस, तिला कसं कळणार होतं?

सावंत काकू, ए-३०४ (९:४०)
तुझ्या लेकराचं वाचून वाईट वाटलं गं. पण माझंही ऐक. नऊ वर्षांची असताना कणकवलीला मला कुत्रा चावला. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची असत. रोज एक, चौदा दिवस. वडील खांद्यावर घालून दवाखान्यात न्यायचे, दवाखान्याचं फाटक दिसलं की मी त्यांच्या मानेला नखं लावायचे. आज अडुसष्ट वर्षांची आहे, तरी कुत्रा दिसला की पोटात तिथेच दुखतं. ‘काही करत नाही हो तो’ असं सगळे म्हणतात. मला चावलेल्या कुत्र्याचा मालकही तेच म्हणत होता.

प्राजक्ता, ए-७०१ (९:४६)
काकू, ‘काही करत नाही’ हे वाक्य मी तुमच्यासमोर कधी उच्चारणार नाही. तुमची भीती खरी आहे. यापुढे लिफ्टजवळ तुम्ही दिसलात की आधी तुम्ही वर जा, आम्ही पुढच्या फेरीला येऊ. आम्ही आत असताना दार उघडलं आणि तुम्ही समोर असलात, तर बाहेर मात्र येता येणार नाही, कारण ओंकारला मधेच हलवता येत नाही. तेव्हा लिफ्ट रिकामी करून लगेच तुमच्या मजल्यावर परत पाठवते. तुम्ही जिना चढायचा नाही.

रोहन, बी-२०३ (९:५२)
प्राजक्ताताई, ते लाल हार्नेस कुठून घेतलं? आमच्या बीगलसाठी ऑनलाइन ‘इमोशनल सपोर्ट’ लिहिलेलं जॅकेट बघितलंय. तो असला की मला ऑफिसचं टेन्शन खरंच कमी वाटतं. जॅकेट असेल तर मॉलमध्ये, कॅफेत घेतील ना?

अनुजा, बी-६०४ (१०:०५)
रोहन, थांब जरा. मी न्यू जर्सीत सहा वर्षं होते, तिथे याच गोष्टीवरून काय झालं ते पाहिलंय.

तिथल्या १९९० च्या दिव्यांगांच्या कायद्याखालच्या नियमांत सर्व्हिस डॉगची व्याख्या आहे. मालकाच्या अपंगत्वाशी जोडलेलं ठरावीक काम शिकलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि तो कोणतं काम शिकलाय. आजार कोणता ते विचारायचं नाही, कागद मागायचा नाही, ‘करून दाखव’ म्हणायचं नाही. पण कुत्रा आवरत नसेल किंवा आत घाण करत असेल, तर बाहेर न्यायला सांगता येतं. ज्याच्या नुसत्या सोबतीने बरं वाटतं तो इमोशनल सपोर्टचा प्राणी, आणि दुकान-हॉटेलसाठी तो या कायद्यात बसत नाही.

विमानात मात्र बरीच वर्षं सपोर्टच्या प्राण्यांना मोकळीक होती. मग लोक ऑनलाइन पैसे भरून चिठ्ठ्या आणायला लागले. २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एक प्रवासी मोर घेऊन आली, विमान कंपनीने नेला नाही. मोराची बातमी सगळीकडे झाली, पण खरा त्रास शिकवलेल्या कुत्र्यांना होता. न शिकवलेले कुत्रे त्यांच्यावर भुंकायचे, अंगावर जायचे. शेवटी जानेवारी २०२१ पासून नियम बदलला आणि सपोर्टचे प्राणी सर्व्हिस ॲनिमल म्हणून घ्यायचं बंधन विमान कंपन्यांवर उरलं नाही. ज्यांना मनाच्या आजारात त्या प्राण्याचा खरोखर आधार होता, त्यांचीही सवलत गेली.

प्राजक्ता, ए-७०१ (१०:१४)
रोहन, तुझ्या बीगलचं कौतुकच आहे, तुला त्याचा आधार वाटतो हेही खोटं नाही. पण कृपा करून ते जॅकेट घेऊ नकोस. आपल्याकडे बुंदीसारख्या कुत्र्याला कायद्याने वेगळा दर्जा नाही. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो, ओंकारकडे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे, पण ते ओंकारचं. बुंदीसाठी माझ्याकडे दाखवायला महापालिकेचा परवाना आणि लसींची वही, एवढंच. त्यामुळे प्रत्येक गार्डला, प्रत्येक रिक्षावाल्याला मी पहिल्यापासून समजावते. दहातले चार ऐकतात, तेही बुंदी तोवर माझ्या पायाशी हूं की चूं न करता बसलेली असते म्हणून. उद्या तसलंच जॅकेट घातलेला एखादा कुत्रा कॅफेत टेबलावर चढला, की त्यापुढे ते चारही ऐकणार नाहीत.

रोहन, बी-२०३ (१०:१७)
कळलं ताई. नाही घेत. हा एवढा विचार मी केला नव्हता.

मोहिते काका, ए-१०३ (१०:४०)
मी हे बोलून टाइप करतोय, काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या. फोन सगळे मेसेज वाचून दाखवतो, आज पहिल्यांदा सगळे ऐकले. एरवी ग्रुपवर नुसते फोटो येतात, फोन म्हणतो ‘इमेज’, आणि मला काही कळत नाही. फोटो टाकलात तर खाली एक ओळ लिहीत जा.

प्राजक्ताने हाक न मारण्याचं जे लिहिलंय, त्याचं कारण सांगतो. आंधळ्या माणसाला वाट दाखवणारे कुत्रे शिकवणारी पहिली शाळा १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला निघाली, पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. लोकांना वाटतं कुत्रा सिग्नल बघून रस्ता ओलांडून देतो. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. रहदारीचा आवाज ऐकून ‘चल’ म्हणायचं ते माणसाने. कुत्रा खड्डा, पायरी, खांब चुकवतो, आणि माणूस ‘चल’ म्हणाला पण गाडी अंगावर येत असेल तर तो जागचा हलत नाही. हुकूम मोडायचा कधी, हेही त्याला शिकवलेलं असतं. इंग्लंडात लीड्सला मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिच्या शेजाऱ्याबरोबर असा एक कुत्रा होता. फुटपाथच्या कडेला तो थांबला की त्याच्या खांद्यातला ताठपणा हार्नेसच्या दांडीतून हाताला कळतो. मी धरून पाहिलंय. त्या क्षणी कुणी शीळ घातली तर त्या माणसाचं काय होईल, सांगा.

आपल्या रस्त्यांवर असा कुत्रा घेऊन चालणं फार अवघड आहे. माझी आपली पांढरी काठी. काठीला कुणी शेक हँड म्हणत नाही, पण माझा दंड मात्र सगळे न विचारता धरतात. स्टेशनच्या पुलावर कुणीतरी पाठीमागून येऊन ओढतो, मला जायचं असतं पश्चिमेला आणि उतरवतो पूर्वेला. बँकेत एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो, शेकडो एक्स्टेंशन तोंडपाठ होते. तरी दुकानदार माझ्या बायकोला विचारतो, ‘यांना काय पाहिजे?’ ओंकार, तुझी आई म्हणते ते बरोबर आहे रे. विचारायचं ते तुला.

सावंत काकू, ए-३०४ (१०:४८)
मोहिते भाऊजी, गेल्याच आठवड्यात मी तुमचा हात धरून तुम्हाला गेटपर्यंत आणलं होतं.

मोहिते काका, ए-१०३ (१०:५०)
वहिनी, तुम्ही मायेनेच धरलात. पुढच्या वेळी नुसतं ‘मोहिते, मी सावंत, हात देऊ का?’ म्हणा. मग तुमचं कोपर मी धरीन. आपण बरोबर चालू.

सावंत काकू, ए-३०४ (१०:५१)
बरं. तसंच करीन.

शिर्के वहिनी, ए-५०२ (११:०२)
एक सुचवू का? ओंकारला त्रास त्या आवाजाचा होतो. मग लिफ्टवाल्याला सांगून ती बाईच बंद करून टाकू ना. कुणाला हवीय ती?

मोहिते काका, ए-१०३ (११:०४)
मला हवीय. ती ‘तिसरी मंज़िल’ म्हणते तेव्हाच मला कळतं लिफ्ट कुठे थांबलीय ते. बटणांवर ब्रेल नाही. मागे दोन महिने आवाज बिघडला होता, तेव्हा मी दोनदा परक्याच्या दाराची बेल दाबली.

प्राजक्ता, ए-७०१ (११:०९)
काका, मजल्याचं नाव ओंकारला चालतं. ते एकदाच येतं, आणि पुढचं काय येणार हे त्याला माहीत असतं. त्रास त्या दरवाज्याच्या वाक्याचा होतो, कारण ते कधी सुरू होईल आणि कधी थांबेल याचा नेम नाही.

कदम, सेक्रेटरी, बी-१०२ (११:२८)
लिफ्टच्या माणसाशी आत्ताच फोनवर बोललो. दोन्ही आवाज वेगवेगळे आहेत. मजल्याचा आवाज आहे तसा ठेवून दरवाज्याचं वाक्य काढता येईल, त्याऐवजी एकदाच हलकी टिंग. दार उघडं ठेवून लिफ्ट अडकवायची नाही, हे मग आपण सगळ्यांनी पाळायचं. तो गुरुवारी अकराला येतोय. बटणांसाठी ब्रेलच्या पट्ट्यांची चौकशी करतो, बसवल्या की काकांनी हात लावून तपासाव्यात.

मोहिते काका, ए-१०३ (११:३१)
गुरुवारी अकराला मी लिफ्टपाशी थांबतो. टिंग किती मोठी असावी ते ओंकारने ठरवावं. तो येईल का?

प्राजक्ता, ए-७०१ (११:४४)
त्याला विचारलं. जरा वेळ लागला. हो म्हणाला. बुंदीला घेऊन येतोय.

सावंत काकू, ए-३०४ (११:४६)
मग मी भाजीला साडेदहालाच जाऊन येते. चालेल ना?

प्राजक्ता, ए-७०१ (११:४६)
चालेल काकू. तुम्ही वर पोचलात की मेसेज करा, तोवर आम्ही घरातच थांबतो.