बोळे वाटले म्हणजे कान वाचले का?

जुना फिटर :
परवा येथे एका सदस्याने लिहिले की, "कानात घालायचे बोळे फुकट देऊनही कामगार ते घालत नसेल, तर त्याच्या बहिरेपणाचा दोष त्याचाच आहे." सत्तावीस वर्षे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रांच्या विभागात, काढल्यावर हे वाक्य वाचून मला गप्प बसवले नाही. आमच्याकडेही बोळ्यांचा खोका होता, पण फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, हे मला निवृत्तीच्या दोन वर्षे आधी एका परिचारिकेने दाखवले. तोवर माझा निम्मा बोळा कानाबाहेरच असे. आज नातीचा आवाज मला ऐकू येतो, पण ती काय म्हणाली ते कळत नाही; स, श, फ ही अक्षरे माझ्यासाठी उरलेलीच नाहीत. आवाज जिथे निर्माण होतो तिथेच तो कमी करणे हे पहिले काम आहे आणि बोळे हा शेवटचा उपाय आहे.

पाळीप्रमुख :
ते वाक्य माझे होते आणि मी ते मागे घेत नाही. आवाज कोंडायला यंत्राला पेटी बसवली की डाय, म्हणजे साचा, बदलायला वेळ लागतो, मोटार तापते, आणि चार दिवसांत कामगारच त्या पेटीची दारे उघडी ठेवतात. इअरमफ, म्हणजे कान झाकणाऱ्या वाट्या, गळ्यात लटकवून फिरणारी माणसे मी रोज पाहतो. तीस डेसिबल आवाज अडवणारे साधन आठ तासांतला केवळ अर्धा तास काढून ठेवले, तरी त्याचा एकूण लाभ सुमारे बारा डेसिबलवर येतो. हे गणित तुम्हालाही नाकारता येणार नाही.

ध्वनिमापक :
गणित बरोबर आहे, पण ते तुमच्याच विरोधात जाते. जे साधन अर्ध्या तासाच्या चुकीने इतके निकामी होते, त्याच्यावर आयुष्यभराचे कान सोपवायचे का? शिवाय मर्यादेबाबतही एकवाक्यता नाही. अमेरिकेतील नायॉश ही संशोधन संस्था ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला निम्मा वेळ सांगते, तर ओशा या तिथल्याच कामगार सुरक्षा खात्याचा नियम ९० डेसिबलपासून सुरू होतो आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मा करतो. म्हणजे १०० डेसिबलच्या जागी एकीच्या मते पंधरा मिनिटे, दुसरीच्या मते दोन तास. मालक कोणता आकडा निवडतो, हे सांगायला नको.

तिसरी पाळी :
माणसे मफ का काढतात, हे कोणी विचारले का? बेअरिंग बिघडू लागले की यंत्राचा सूर बदलतो, तो ऐकावा लागतो. मागून येणारी फोर्कलिफ्ट ऐकावी लागते. आणि श्रवण चाचणीबद्दलही बोला. माझ्या भावाच्या चाचणीत दोष निघाला, तेव्हा त्याला त्या विभागातून हलवले आणि त्याचा भत्ता गेला. यंत्र मात्र होते तसेच राहिले. तेव्हापासून त्या विभागातले लोक चाचणीत आवाज ऐकू आला नाही तरी अंदाजाने बटण दाबतात.

पाळीप्रमुख :
म्हणजे आता चाचणीही कारस्थान ठरली! लोक खोटे बटण दाबणार असतील, तर त्यांना वाचवायचे तरी कोणी? आमच्याकडे दरवर्षी नियमाने चाचणी होते.

जुना फिटर :
किती वाजता होते? आमची पाळी सुटल्यावर लगेच होत असे. गोंगाटाने थकलेले कान तेव्हा तात्पुरते मंद झालेले असतात. म्हणूनच ओशाच्या नियमात पहिल्या, पायाभूत चाचणीआधी चौदा तास कामाच्या गोंगाटापासून दूर राहण्याची अट आहे. पायाच चुकला, तर पुढच्या वर्षीची घट दिसणार कशी? आणि लोकांना खोटे ठरवण्याआधी त्यांना भीती कशाची वाटते, ते पाहा.

ध्वनिमापक :
चाचणीचा आलेख कामगाराच्या हाती दिला, तर ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुराच्या, आसपासचा खड्डा, म्हणजे ऐकण्यातली घट, त्याला स्वतःलाच दिसेल. संभाषणात अडचण जाणवण्याच्या बऱ्याच आधी तो खड्डा पडलेला असतो. अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे हा इशारा दाबून ठेवणे हा गुन्हा आहे.

तिसरी पाळी :
भावाने आलेखाची प्रत तीनदा मागितली. मिळाली नाही.

पाळीप्रमुख :
प्रत मिळायलाच हवी होती, एवढे मी मान्य करतो. आमच्या चाचण्याही पाळी सुटल्यावर होतात. त्या सकाळी, पाळी सुरू होण्यापूर्वी घ्याव्यात असे मी वर कळवीन. आमच्याकडे सर्वांत कर्कश आवाज प्रेसचा नसून हवेने तुकडे उडवणाऱ्या नळ्यांचा आहे. तिथे कमी आवाजाची तोंडे बसवता येतील, त्यासाठी यंत्र बदलावे लागणार नाही. पण गळ्यात लटकणाऱ्या मफबद्दल माझे मत बदललेले नाही.

जुना फिटर :
आधी त्या नळ्यांची तोंडे बदला. मफ घालायला मी स्वतः येऊन शिकवीन.