५० मिमी समिक्रॉन : साधी रिजिड की डीआर? निपाणीत विकायला आहे

निपाणी_३५
नमस्कार मंडळी. इथल्या एका बंद झालेल्या स्टुडिओच्या सामानात लाइकाची ५० मिमी एफ/२ समिक्रॉन लेन्स निघाली आहे. विकणारे म्हणतात, "व्हर्जन २, डीआर, गॉगलसकट." (डीआर म्हणजे ड्युअल रेंज, जवळच्या फोकसचा वेगळा टप्पा असलेली; गॉगल म्हणजे जवळ फोकस करताना कॅमेऱ्याच्या खिडक्यांपुढं येणारा चष्मा.) माउंट एम बायोनेट. बॅरल चांदीरंगी, आत ढकलली जात नाही. पुढच्या रिंगवर वेट्झलर हे गावाचं नाव आणि नंबर १६०४*** (शेवटचे तीन आकडे झाकलेत). अंतराचे आकडे मीटरमध्ये, अनंतापासून १ पर्यंत. अनंताच्या खुणेशेजारी बारीक "१९" कोरलंय. फिल्टर ३९ मिमीचा बसतो. गॉगल वेगळ्या पिशवीत आहे, पण बॅरलवर तो कुठं अडकवायचा तेच कळत नाही. रविवारी परत बघायला मिळणार आहे, लाइकाची एम३ कॅमेरा बॉडीही तिथंच आहे. ही नेमकी कुठली आवृत्ती, आणि पैसे देण्याआधी काय काय तपासू?

शहापूर_रेंजफाइंडर
दादा, आधी "व्हर्जन २" हा शब्द बाजूला ठेवा. काही जण १९५३ च्या घडीच्या, म्हणजे बॅरल आत ढकलता येणाऱ्या समिक्रॉनला पहिली आणि १९५६ च्या रिजिडला, म्हणजे न ढकलल्या जाणाऱ्या लेन्सला दुसरी धरतात, तर काही जण रिजिडपासूनच मोजायला सुरुवात करतात. त्यामुळं एकच आकडा दोन वेगळ्या लेन्सना चिकटतो. विचारताना नेहमी घडीची, रिजिड, डीआर, १९६९ ची, १९७९ ची असंच विचारा.

१६ लाख ४ हजार हा नंबर लाइट्झच्या (लाइका बनवणारी कंपनी) यादीत १९५८ मध्ये येतो. हे नंबर गठ्ठ्यानं आधीच वाटून ठेवलेले असत, म्हणून वर्ष एखाद्यानं मागंपुढं होऊ शकतं. पण १९५६ ते १९६८ या काळात रिजिड आणि डीआर दोन्ही निघत होत्या आणि दोन्हींची काच एकच : ७ भिंगं, ६ गटांत. नंबरावरून या दोघी वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी माउंटच बघावं लागतं.

डीआरच्या माउंटवर वरच्या बाजूला धातू सपाट तासलेला असतो आणि तिथं गॉगल पकडून ठेवायची खुंटी असते. अंतराच्या आकड्यांचे दोन टप्पे असतात, एक अनंतापासून १ मीटरपर्यंत आणि दुसरा साधारण ८८ सेंमीपासून ४८ सेंमीपर्यंत. गॉगल बसवला की तो एक बारीक कळ दाबतो, तेव्हाच रिंग जवळच्या टप्प्यात जाते. तुमच्या वर्णनात सपाट भाग नाही, दुसरा टप्पा नाही, गॉगलला जागा नाही. ही साधी रिजिड आहे.

गॉगल मात्र नीट बघून घ्या. घडीच्या ५० मिमीसाठी सूकी-एम नावाचं जवळच्या फोकसचं वेगळं साधन होतं, त्यालाही गॉगल असतो. पिशवीत तेच असण्याची शक्यता मोठी. या लेन्सला त्याचा उपयोग शून्य, तेव्हा त्याचे पैसे या सौद्यात धरू नका.

आणि डीआर नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गॉगल हरवलेली डीआर बाजारात बहुतेकदा साध्या रिजिडपेक्षा कमीलाच जाते. १ मीटरच्या पलीकडं दोघींच्या फोटोत फरक नाही.

निपाणी_३५
होय की, सपाट भाग कुठंच नाही, रिंग पूर्ण गोल आहे. मग ते "१९" म्हणजे काय? आणि १९६९ ची नाही हे कशावरून ठरवायचं?

टिळकवाडी_५१६
१९६९ ची ओळखायला सोपी. तिच्यात ६ भिंगं ५ गटांत, बॅरल काळी आणि फोकस ०.७ मीटरपर्यंत येतो. १९७९ च्या आवृत्तीत ६ भिंगं ४ गटांत आणि फोकस रिंगला बोट अडकवायची कड. १९९४ च्या आवृत्तीत हूड लेन्समध्येच. तुमची १ मीटरला थांबते, चांदीरंगी आहे, तेव्हा इकडं बघायचं कारण नाही.

"१९" ही मात्र कामाची खूण. ५० मिमी हे नावापुरतं. प्रत्येक काचेचं खरं नाभीय अंतर थोडं वेगळं येतं आणि या माउंटवर त्याचे शेवटचे दोन आकडे कोरतात. १६ म्हणजे ५१.६, १९ म्हणजे ५१.९, २२ म्हणजे ५२.२ मिमी. बॉडीतलं रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस दाखवणारी यंत्रणा) ५१.६ धरून बसवलेलं असतं, आणि माउंटमधला कॅम, म्हणजे रेंजफाइंडरला सरकवणारी कड, त्या काचेचा फरक भरून काढतो. म्हणजे काच आणि माउंट ही जोडी आहे.

अडचण अशी की या काळातल्या रिजिड आणि डीआरचा काचेचा डबा, अॅपर्चर रिंगसकट, आट्यांवरून उलटा फिरवला की अख्खा सुटतो. विझोफ्लेक्स या आरशाच्या जोडसाधनावर वापरता यावा म्हणून तो तसाच केलाय. साठ वर्षांत कुणीतरी डबे अदलाबदल केलेले असू शकतात. नंबर डब्यावर असतो, "१९" माउंटवर. दोन्ही खरे असूनही जोडी खोटी निघू शकते!

समजा ५१.६ च्या माउंटवर ५२.२ चा डबा बसला. अनंताला जुळवून घेतला तर लांबचं सगळं ठीक दिसेल. १ मीटरवर मात्र काच जितकी पुढं यायला हवी त्याहून ०.०७ मिमीच्या आसपास कमी येते आणि फोकस साधारण २ सेंमी मागं पडतो. एफ/५.६ ला कळणार नाही. एफ/२ ला डोळ्यावर फोकस केला तर डोळ्याच्या थोडा मागचा भाग धारदार येईल. म्हणून फक्त लांबचं बघून लेन्स पास करू नका.

एम३ हाताशी आहे ना? मग फिल्म न घालता तपासा. खालचं झाकण काढा, मागचं दार उघडा, शटर "बी" ला ठेवून केबलनं उघडं धरा. फिल्मच्या खिडकीला लागून ज्या आतल्या दोन पट्ट्या आहेत त्यांवर दुधी काचेचा तुकडा, खरबरीत बाजू लेन्सकडं करून, धरा. बाहेरच्या पट्ट्यांवर टेकवलात तर माप चुकेल. कॅमेऱ्यावर फिल्मच्या प्रतलाची जागा धरून टेपनं बरोबर १ मीटरवर छापील कागद उभा करा, एफ/२ ठेवा, रेंजफाइंडरनं फोकस करा आणि दुधी काचेवर भिंगानं अक्षरं बघा. मग ३ मीटर, शेवटी अनंत. अनंतासाठी निपाणीच्या घाटाकडचा मोबाइलचा टॉवर चालेल, बेळगावात असता तर येळ्ळूरचा राजहंसगड सांगितला असता.

अनंत बरोबर आणि १ मीटर चूक असेल तर जोडी फुटलीय असं समजा. तिन्हीकडं सारखाच फरक दिसला तर दोष बहुधा बॉडीच्या रेंजफाइंडरचा, लेन्सचा नाही. दुसऱ्या लेन्सनं खात्री करा.

खानापूरकर
वर सांगितलेलं सगळं बरोबर, पण या लेन्समध्ये पैसे बुडतात ते आवृत्ती चुकल्यानं नव्हे, आतल्या धूसरपणानं. आमच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात कपाटातली हवाच ओली असते, आणि निपाणीचा बंद स्टुडिओ म्हणजे लेन्स चामड्याच्या डबीत वर्षानुवर्षं पडलेली. चामडं ओल धरून ठेवतं.

अॅपर्चर पूर्ण उघडा, लेन्स डोळ्यासमोर धरा, मोबाइलचा टॉर्च मागून थेट नको, थोडा तिरका मारा. ब्लेडच्या दोन्ही बाजूंच्या भिंगांवर दुधासारखी पातळ झाक दिसते का बघा. ती ग्रीसमधलं तेल उडून बसलेली असते. ताजी असेल तर निघते. बरीच वर्षं राहिली की काचेवरचा थरच खाल्ला जातो, मग पुसूनही डाग राहतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कडेला असेल तर चालवून घेता येईल, मधोमध असेल तर किंमत निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या.

पुढच्या काचेवर बारीक चरे जवळपास प्रत्येक नगावर असतात, कारण त्या काळातला लेप मऊ. उजेडाकडं तोंड करून फोटो काढला की त्यांचा धूसरपणा कळतो, एरवी फारसा नाही.

निपाणी_३५
धन्यवाद सर. समजा झाक निघाली, तर ती घरी साफ करता येईल का? उद्यमबागेत ओळखीचे लेथवाले आहेत, ते पाना करून देतील.

खानापूरकर
पाना करून घ्या, पण लेन्स लेथवर चढवायला देऊ नका. मागचा भिंगगट खाचा पकडून अख्खा सुटतो, त्यासाठी दोन टोकांचा पाना लागतो. टोकं खाचेत अगदी घट्ट बसतील अशी घासून घ्या, कारण सैल टोक घसरलं की ते सरळ काचेवर जातं. डबा माउंटपासून सोडवताना मध्ये पातळ शिम रिंग निघाली तर ती कुठं आणि कुठल्या बाजूनं होती त्याचा फोटो काढून ठेवा, ती परत तिथंच गेली पाहिजे. नाहीतर अनंतच चुकेल.

काच पुसायला लेन्सचा कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कागद ओला करून, थेंब काचेवर न टाकता. मधून कडेकडं एकच फेरा, कागद फेकला, दुसरा घेतला. आतला लेप बाहेरच्यापेक्षाही नाजूक. चोळलात की चरे कायमचे. दोन-तीन फेऱ्यांत नाही गेलं तर थांबा.

टिळकवाडी_५१६
फोकसचे आटे घरी उघडायचा मोह मात्र टाळा. हे आटे अनेक तोंडांचे असतात. कुठल्या तोंडातून सुटले त्याची खूण नसेल तर परत जुळवताना अनंत भलतीकडंच येतं. रिंग जड फिरत असेल तर ते काम कारागिराला द्या आणि तो खर्च किमतीतून आधीच वजा करून बोला.

शहापूर_रेंजफाइंडर
आणखी एक, हूड राहिला. पिशवीत आयरूआ लिहिलेला हूड निघाला तर तो सोडू नका, या लेन्सवर तो बरोबर बसतो. रविवारी १ मीटरवर काय दिसलं ते इथंच लिहा, "१९" ची जोडी खरी आहे का ते त्यावरूनच ठरेल.