नेदरलँड्स: सगळ्यांत मोठा पक्ष एकाचा, पंतप्रधान भलताच?

कंदीपेढा: २०२३ मध्ये तिथल्या संसदेच्या निवडणुकीत खेर्त विल्डर्स या कडव्या उजव्या नेत्याच्या पक्षाला १५० पैकी ३७ जागा, सर्वांत जास्त. मग पंतप्रधान डिक स्खोफ कसे झाले? ते तर निवडणुकीला उभेच नव्हते!

अॅमस्टेलवीनकर: बहुमताला ७६ लागतात हो. विल्डर्सना स्वतःचा पक्ष धरून चार पक्षांची मोट बांधावी लागली आणि त्यांना पंतप्रधान करायला बाकीचे राजी होईनात. शेवटी चारही नेते खासदारच राहिले, बाहेरून एक सनदी अधिकारी आणला, तेच स्खोफ. नोव्हेंबरात मतदान, शपथविधी थेट जुलै २०२४ मध्ये! आणि जून २०२५ मध्ये विल्डर्सनीच पाठिंबा काढला.

मुळात इथे संसदेत यायला किमान पाच टक्के मतांची वगैरे अट नाही. एकूण मतांचा दीडशेवा भाग मिळाला की एक जागा पक्की. त्यामुळे पक्ष ढीगभर, मतपत्रिका बघाल तर चक्रावाल, उलगडली की त्या चिंचोळ्या बूथमध्ये मावत नाही. लाल पेन्सिलीने एकाच उमेदवारापुढचा गोल रंगवायचा. मी यादीत खाली असलेली एक बाई शोधत बसलो, मागचे आजोबा खाकरायला लागले.

कंदीपेढा: बायकोचं मतही तुम्हीच दिलंत का? असं चालतं म्हणे तिकडे.

अॅमस्टेलवीनकर: चालतं. मतदानासाठी तिच्या नावाने घरी येणाऱ्या पत्रावर तिची सही आणि ओळखपत्राची प्रत हवी. आपल्या मतासोबत जास्तीत जास्त दोघांची मतं देता येतात. पण आमची ही मला पेन्सिल देईल होय!

चहाटळ: वहिनींचा पक्ष वेगळा दिसतोय :)